पिंजऱ्याला पिंजरा म्हणा

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी. मराठी माणूस जेथे जेथे पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिला आहे तेथील सदनिकांत अलीकडे एक नवे सामान येऊन बसले आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, नाहीतर सज्जाच्या दाराशी, लोखंडी तारांची एक मोठी पेटी असते. वरून तिच्यावर एखादी जुनी चादर टाकलेली असते, तळाला प्लास्टिकचा ट्रे असतो, पुढे दार असते आणि त्या दाराला दोन कड्या असतात. आत कुत्रा असतो. पाहुणा सहज विचारतो, ‘हा पिंजरा कशाला आणलात?’ आणि यजमान किंचित दुखावल्या स्वरात त्याला दुरुस्त करतात, ‘पिंजरा नव्हे हो, क्रेट आहे तो.’

या दुरुस्तीविषयीच आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत.

क्रेट हा शब्द मराठीला मुळीच नवा नाही. सोड्याच्या बाटल्या क्रेटमधून येत; टोमॅटो आजही क्रेटमधून आडतीला जातात. ज्या वस्तूला स्वतःहून हलावयाचे नसते ती वस्तू ठेवावयाची पेटी म्हणजे क्रेट. आत जीव कोंडावयाचा झाला की मराठीत शब्द बदलतो. राघूचा पिंजरा असतो, उंदराचा पिंजरा असतो, सर्कशीतल्या वाघाचाही पिंजराच असतो. एरवी परभाषेतील शब्द जसाच्या तसा घेण्यास आमचा विरोध नाही. स्टेशनला स्टेशन म्हणूनच आमचे वाडवडील गाडीत बसले. परंतु नेमका मराठी शब्द जिभेवर असताना तो गिळून परका शब्द उच्चारला जातो, तेव्हा तो सोयीसाठी नव्हे, लाज झाकण्यासाठी उच्चारला जातो, असा आमचा अनुभव आहे. ‘मी कुत्र्याला दिवसभर पिंजऱ्यात ठेवतो’ हे वाक्य कोणत्याही सुशिक्षित मराठी गृहिणीच्या किंवा गृहस्थाच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही. ‘आमचा क्रेट-ट्रेन्ड आहे’ हे वाक्य मात्र अभिमानाने निघते.

विरोधी पक्षाचे म्हणणे वाकडे करून मग ते खोडणे सोपे असते. आम्हांला ते करावयाचे नाही. म्हणून ही पद्धत मुळात काय आहे ते प्रथम सांगतो. तिचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेत झाला, आणि तिच्यामागील निरीक्षण खरे आहे. कुत्र्याचे पिल्लू आपल्या निजण्याच्या जागी होता होईतो घाण करीत नाही. तेव्हा त्याला उभे राहता, वळता आणि अंग ताणून निजता येईल एवढी जागा द्यावी. तीत मऊ अंथरूण घालावे. दार उघडे ठेवून आत खाऊ टाकावा आणि काही दिवस जेवणही आतच मांडावे. पिल्लू निर्धास्तपणे जाऊयेऊ लागले म्हणजे क्षणभर दार लोटावे, पुन्हा उघडावे, आणि मग मिनिटामिनिटाने तो काळ वाढवीत न्यावा. झोपेतून उठले, जेवले, खेळून दमले की लगेच त्याला बाहेर, रोज त्याच एका ठिकाणी न्यावे. तेथे विधी उरकला की शाबासकी द्यावी. शिक्षा म्हणून आत कधीही घालू नये. पिल्लाचे वय जितके महिने, साधारण तितकेच तास ते लघवी रोखू शकते, असा एक ढोबळ आडाखा या विषयातील जाणकार देतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास, आणि हा आकडाही कमाल मर्यादेचा. सारा खटाटोप काही महिन्यांचा. पिल्लू शिकले की पेटीचे काम संपले.

ही पद्धत अशीच्या अशी पाळणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ती पाळावयास घरात एक माणूस लागतो. दिवसातून आठ-दहा वेळा जिना उतरणारा, घड्याळाकडे पाहणारा, पिल्लाच्या कुईकुईतला फरक ओळखणारा. आमच्या मंडळींनी या पद्धतीतून काय उचलले? दार उघडे ठेवण्याचे आठवडे त्यांनी गाळले, मिनिटांचा हिशेब गाळला, जिना उतरणारा माणूस गाळला. उरली ती पेटी आणि तिची कडी.

आमच्या माहितीतील एक घर सांगतो. पतिपत्नी दोघेही नोकरीला. सकाळी साडेआठला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला परततात. त्यांचा तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर या साडेदहा तासांत पेटीत असतो. रात्री सात तास पुन्हा पेटीत, कारण ‘त्याला तशीच सवय आहे’. एकूण साडेसतरा तास. ही माणसे निर्दय नाहीत. कुत्र्याचा वाढदिवस करतात, त्याच्यासाठी निराळा तांदूळ शिजवतात, तो आजारी पडला तेव्हा दोघांनी आळीपाळीने रजा घेतली. ‘त्याला त्याची खोली फार आवडते,’ असे त्या बाईंनी आम्हांला मोठ्या प्रेमाने सांगितले. त्या वेळी तो खालचा ओठ लोंबवून जांभई देत होता आणि त्याच्या सुळ्यांच्या मागच्या बाजू झिजून गेलेल्या आम्हांला स्पष्ट दिसत होत्या. तारा चावणाऱ्या कुत्र्यांचे दात असे झिजतात, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. खोली आवडणारा प्राणी खोलीच्या भिंती खात नाही.

‘खोली’ या शब्दामागे एक सिद्धांतही उभा केला जातो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज; लांडगा गुहेत राहतो; म्हणून कुत्र्याला गुहेसारखी बंदिस्त जागा निसर्गतःच प्रिय. तर्क ऐकावयास गोड आहे, पण त्याचा मधला दुवाच खोटा आहे. लांडगा गुहेत राहत नाही. मादी विण्यासाठी गुहा शोधते, पिल्ले पहिले दोन-अडीच महिने तिच्या आसऱ्याने वाढतात आणि पाय फुटले की सारा कळप ती जागा सोडतो. वाढलेला लांडगा उघड्यावर निजतो. आपल्या गल्लीतील कुत्र्यांकडे पाहिले तरी हेच दिसेल. कुत्री व्यावयास टेकली की जिन्याखालची, वाळूच्या ढिगामागची, उभ्या हातगाडीखालची जागा पाहते. पिल्ले दुडदुडू लागली की ती जागा ओस पडते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी मोकळ्या कुत्र्यांच्या अशा जागांचा अभ्यास करून २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष मोठा बोलका आहे: व्यालेली कुत्री जागा निवडताना माणसाच्या वस्तीची जवळीक पसंत करते. जिला कोणी पाळले नाही तीसुद्धा आडोसा शोधते तो माणसांच्या पायरवाजवळ. आणि आम्ही पाळलेल्या कुत्र्याला आडोसा देतो तो नेमका घरात एकही माणूस नसेल त्या वेळेपुरता! शिवाय कोणत्याही ढोलीला बाहेरून कडी नसते, ही साधी गोष्ट हा सिद्धांत सांगणाऱ्यांच्या ध्यानी कशी येत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

थोडा हिशेब करू. लॅब्रॅडॉरसाठी म्हणून जी पेटी बाजारात विकली जाते ती बहुधा ४२ इंच लांब आणि २८ इंच रुंद असते. म्हणजे जागा झाली सुमारे आठ चौरस फूट, मीटरच्या मापाने पाऊण चौरस मीटर. जर्मनीत २००१ सालापासून कुत्र्यांच्या पालनाविषयी स्वतंत्र नियमावली आहे. तीत कोंडवाड्याची किमान जागा ठरवून दिलेली आहे: खांद्यापर्यंतची उंची ५० सेंटिमीटरपर्यंत असेल तर सहा चौरस मीटर, त्याहून अधिक पण ६५ पर्यंत असेल तर आठ, त्याहून उंच कुत्र्याला दहा; आणि कोणतीही बाजू दोन मीटरांहून कमी असता कामा नये. लॅब्रॅडॉर मधल्या वर्गात पडतो. म्हणजे जर्मन माणसाने अंगणातील कोंडवाड्यात जेवढी जागा किमान दिली पाहिजे तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेला आमच्याकडे ‘त्याची खोली’ म्हणतात. स्वीडनमध्ये तर प्रवास, स्पर्धा यांसारखे अपवाद वगळता कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यास मनाईच आहे, आणि दर सहा तासांच्या आत त्याला मोकळे व्हावयास बाहेर नेलेच पाहिजे असा नियम आहे. त्या देशांतील लोकही नोकऱ्या करतात. त्यांच्याही घरात गालिचे असतात.

‘पाश्चात्त्य लोक असेच करतात’ हा युक्तिवाद म्हणून आम्हांला मान्य नाही. कोणते पाश्चात्त्य, ते सांगा. आपल्याला सोईचे होते तेवढे पाश्चात्त्य आपण निवडले आहेत.

आता उन्हाळ्याचा विचार करा. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन त्याचे अंग निवते. वैशाखात ग्वाल्हेरला, बडोद्याला पारा चाळिशी ओलांडून जातो. दुपारी वीज गेली की बंद सदनिकेची भट्टी होते. गोव्यात पारा तेवढा चढत नाही, पण हवा इतकी दमट असते की धापा टाकूनही बाष्पीभवन मंदच होते. मोकळा कुत्रा अशा वेळी काय करतो? तो उठतो, न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पडतो, ती गरम झाली की स्वयंपाकघरात ओट्याखाली जातो, दाराच्या फटीशी नाक लावतो. ऊन जसे सरकते तसा तोही सरकतो. गोव्याच्या जुन्या घरांत सुणो सकाळी सोप्याच्या एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला का निजलेला असे, याचे कारण हेच. पेटीतल्या कुत्र्याला सरकावयास जागा नसते. वाटीतील पाणी त्याने दहा वाजता सांडले तर सातपर्यंत ते सांडलेलेच राहते. आखूड नाकाच्या पग जातीचे किंवा दाट केसांच्या हस्कीचे या दिवसांत काय होत असेल याची कल्पना करावी. आणि ही दोन्ही जातिवंत मंडळी आज हैदराबादेत व इंदुरात हौसेने विकत घेतली जातात.

सीमाभागातील वाचकांना आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. मुधोळ संस्थानात घोरपडे घराण्याने जोपासलेली शिकारी कुत्र्यांची जात आपणा सर्वांना ठाऊक आहे. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट; क्षितिजावरचा ससा पाहून सुटावे म्हणून घडलेला देह. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली त्यांत मुधोळचा मान होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी जाती पाळण्याचे आवाहन केले तेव्हाही मुधोळचे नाव घेतले गेले. उत्तम झाले. पण या जातीचे पिल्लू तिसऱ्या मजल्यावर आणून आठ चौरस फुटांत बसवावयाचे असेल, तर त्या अभिमानाचा कुत्र्याला उपयोग काय? स्वदेशी कुत्रा आणि विलायती गजाआड!

येथे कोणी म्हणेल की पूर्वी तरी आपल्याकडे काय निराळे होते? दाराशी साखळीला बांधलेला, चार हातांच्या परिघात माती उकरून खड्डा पाडलेला, शिळ्या भाकरीवर जगणारा कुत्रा हाच आपल्या संस्कृतीचा नमुना ना? घरात घाण केली की त्याचे नाक त्या घाणीत घासणारे आपलेच काका-मामा ना? होय. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे मोकळे बसलेले असतात. त्या तसबिरीसमोर उदबत्ती लावणाऱ्या घरांच्या अंगणात कुत्रा साखळीलाच असे. जुन्या साखळीचे समर्थन आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की त्या साखळीला साखळी म्हणत. रस्त्याने जाणाऱ्या पोरालाही ती दिसे आणि एखादी शेजारीण खडसावून विचारी, ‘अहो, सोडा की त्याला जरा!’ चौथ्या मजल्यावरील बंद दाराआडची, चादर पांघरलेली पेटी कोणाला दिसत नाही. आणि दिसली तरी तिला शास्त्राचा आधार आहे असे सांगितले जाते.

आपल्या कायद्याने मात्र साखळी आणि पिंजरा यांत भेद केलेला नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटीने जो विषय लावून धरला त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आला. त्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा सांगितला आहे. आणि त्याच कलमात कुत्र्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा मालक दोषी ठरतो. साठाहून अधिक वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते आम्हांला आज समजावून सांगावे लागते. अर्थात त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये. पेटीच्या किमतीपुढे तो नगण्य आहे, हे आम्ही जाणतो.

पेटीचा उपयोगच नाही असे आमचे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य विश्रांती सांगतो तेव्हा ती लागते. मोटारीच्या प्रवासात लागते. रेल्वेतही स्वतंत्र कूपे राखून ठेवला नसेल तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातील पेटीतच जावे लागते, आणि ज्याला पेटीची ओळख आहे तो कमी घाबरतो. दिवाळीत फटाक्यांनी बेजार झालेला कुत्रा आपण होऊन पांघरलेल्या पेटीत शिरतो, तेव्हा ती त्याचा खरोखरच आसरा असते. दार उघडे असते म्हणून.

‘मोकळा सोडला तर घर फाडून ठेवतो’ ही तक्रार खोटी नाही. परंतु कुत्रा सोफा का फाडतो? कधी दात येत असतात म्हणून, कधी दिवसभर काही करावयास नसते म्हणून, आणि कधी एकटे राहण्याची भीती वाटते म्हणून. पहिल्या कारणाला चघळावयास काहीतरी द्यावे, दुसऱ्याला सकाळी तासभर भटकवून आणावे. तिसऱ्या कारणासाठी कडी लावणे म्हणजे भ्यालेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडण्यासारखे आहे. असे कुत्रे पेटीत नखे रक्तबंबाळ करून घेतात, दात मोडून घेतात. पिल्लू विजेच्या तारा चावील ही काळजी रास्त आहे. त्यासाठी एक खोली तारा उचलून मोकळी करावी, दाराला लहान मुलांसाठी लावतात तशी कमरेइतकी फळी लावावी. ‘कुत्रा दिवसभर झोपतोच, मग कुठे का झोपेना’ असेही ऐकू येते. झोपतो खरा. आम्हीही झोपतो, म्हणून रात्री आमच्या खोलीला कोणी बाहेरून कुलूप लावीत नाही.

मूळ प्रश्न पेटीचा नाहीच. दुपारी ज्या घरात माणूस नाही आणि दुपारी माणूस आणण्याची ज्या घराची तयारी नाही, त्या घराने कुत्रा पाळू नये. हे वाक्य अनेकांना झोंबेल. हैदराबादेत, पुण्यात भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या तरुणतरुणींनी २०२० आणि २०२१ मध्ये, कचेरी घरातच आली होती त्या काळात, सोबत म्हणून पिल्ले आणली. मग कचेऱ्यांनी त्यांना परत बोलावले. त्यांचा दोष आम्ही मोठा मानीत नाही, आणि कुत्रा टाकून द्या असे तर मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्यापुढे पेटीखेरीज वाटा आहेत. त्याच इमारतीत निवृत्त झालेले एखादे जोडपे असते. कुत्रा हवा पण आता या वयात नको, असे म्हणणारे. दुपारी दोन वाजता किल्ली घेऊन वर जाण्यास ते आनंदाने तयार होतील. पण त्यासाठी शेजाऱ्याचे नाव माहीत असावे लागते. नाहीतर पगार देऊन एखादा मुलगा ठेवावा. पेटीला जे पैसे पडतात त्यात त्याचे काही महिने निघतील. आमच्या घरांत पूर्वी आजी-आजोबा असत आणि कुत्र्याला कोणी पद्धत शिकविली नाही तरी तो शिके, कारण दार उघडून ‘चल बाहेर’ म्हणणारे कोणीतरी दिवसभर घरात असे. ती घरे गेली. त्यांची जागा तारेच्या पेटीने भरून निघेल असे मानणे हा कुत्र्याचा जेवढा तेवढाच स्वतःचाही अपमान आहे.

आमचे हे लिहिणे ज्यांना अतिरेकी वाटत असेल त्यांनी एवढेच करावे. पेटीचे दार उघडून तारेने मागे घट्ट बांधून टाकावे आणि आठ दिवस ते तसेच ठेवावे. आठ दिवस कुत्रा दुपारी आपण होऊन आत जाऊन निजला, तर ती त्याची खोली आहे हे आम्ही मान्य करू. तसे घडल्याचे पत्र, मराठीत असो की कोंकणीत, या पृष्ठांवर जसेच्या तसे छापण्यात यावे, अशी संपादकांना आमची विनंती राहील.